थोरली पुढे का बसत नाही

घरात काही मोठं घडलं की दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं आणि सगळ्यांनी मागच्या कापणीच्या खोलीत जमायचं, ही वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत. सगळी माणसं मावतील अशी जागा तीच. तिथलं टेबल इतकं लांब की ओव्हरकोटाचं कापड त्यावर एकदम उलगडता यावं. वडील गेल्यापासून त्या टेबलाने पुष्कळ पाहिलं होतं. दोन लग्नं त्याच्याभोवती ठरली, वाटण्या होता होता राहिल्या, आणि एकदा मधल्या भावाने तावातावाने मूठ आपटली तेव्हा उडून पडलेल्या कात्रीने त्याचाच बूट फाडला. आज मात्र टेबलावर कापडाचा कपटासुद्धा नव्हता. तिघा भावंडांतल्या थोरलीने सकाळीच येऊन खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या होत्या आणि मधोमध, केकच्या शेजारी, काळ्या पुठ्ठ्याचा एक जाडजूड ग्रंथ ठेवला होता. तो बारकीचा प्रबंध.

बारकी म्हणजे धाकट्या भावाची मुलगी. या घरातल्या तीन पिढ्या सुई, कात्री नाहीतर स्टिअरिंग धरत आल्या. ही पहिली, जी मेंदू शिकायला गेली. 'कॉग्निटिव्ह अँड क्लिनिकल न्यूरोसायन्स' असं तिच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं नाव होतं. धाकटा बस चालवायचा. ते नाव त्याने महिनाभर बस चालवता चालवता घोकलं होतं आणि आता डेपोत कुणी नुसतं "पोरगी काय करते?" विचारलं की तो ते न अडखळता म्हणून दाखवायचा, वर खुलासाही करायचा, "म्हणजे माणसाचं डोकं चालतं कसं, आणि अडलं तर कुठे अडतं, ते." परवा निकाल लागला. बारकी वर्गात दुसरी आली होती आणि धाकट्याने अख्ख्या डेपोला चहा पाजला होता.

थोरलीला त्या काळ्या पुठ्ठ्याकडे किती वेळा पाहू असं झालं होतं. वय एकसष्ट, वडिलांच्या मागे दुकानाची मुख्य कटर तीच. शहरातल्या निम्म्या न्यायाधीशांचे आणि झाडून सगळ्या डॉक्टरांचे कोट तिच्या कात्रीखालून गेलेले. पण तिचा पाय कधी पुढच्या खोलीत ठरला नाही. गिऱ्हाइकाशी बोलायचं मधल्याने, माप घ्यायचं शिकाऊ मुलींनी, आणि ही आत. रस्त्यात भेटली तर ओळख दाखवील तर शपथ. त्यामुळे घरात तिला पाठीमागे 'राणीसरकार' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिने ते मनाला लावून घेतलं नव्हतं, निदान तसं दाखवलं तरी नव्हतं.

केक कापून झाला की आज एक विषय निघणार होता. मधल्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. सहा महिने तो दुकानात येणार नव्हता. तेवढे दिवस थोरलीने पुढे बसावं, नाहीतर पुढची खोली तयार कपडे विकणाऱ्या एका कंपनीला देऊन टाकावी आणि शिवणकाम आटपावं, असं त्याचं म्हणणं होतं. हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. बायकोने ते धाकट्याला सांगितलं आणि धाकट्याने थोरलीला. या घरात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नसे.

म्हणूनच तर चार महिने थोरलीला नवल वाटत होतं.

चार महिन्यांपूर्वी बारकी दुकानाच्या काचेवर लावायला एक कागद घेऊन आली होती. 'ओळखीची माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत? संशोधनात सहभागी व्हा.' खाली फोन नंबराच्या चिठ्ठ्या कातरलेल्या. सगळे जेवायला गेल्यावर थोरलीने एक चिठ्ठी फाडली आणि बोटात घालायच्या अंगुस्तानाच्या डबीत ठेवली. ती डबीत आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी थोरली कापड बघायला जाते असं सांगून विद्यापीठात गेली. तिथे एका छोट्या खोलीत बारकीच्या बरोबरीच्या एका मुलीने तिला पडद्यावर चेहरे दाखवले. केस नाहीत, कान नाहीत, कपडे नाहीत, नुसते सोललेल्या बटाट्यांसारखे चेहरे. आधी सहा दाखवले, मग तिघातिघांतून ओळखायला सांगितलं. थोरलीने सगळी उत्तरं अंदाजाने ठोकली. मग मुलाखत झाली. तासभर ती बोलत होती. एवढं ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. तिचं बोलणं नाव न घेता वापरायला हरकत नाही, असं तिने सहीनिशी लिहून दिलं.

जिना उतरताना समोरून एक मुलगी आली आणि थबकली. उजवी टाच आत टाकत चालणारी. बारकीच.

"आत्या? तू इथे?" बारकीने तिच्या हातातला संशोधनाचा कागद पाहिला आणि तिचा आवाज खाली आला. "नात्यातल्या माणसाची चाचणी मला घेता येत नाही. पण मुलाखती मलाच वाचायच्या आहेत. नावाऐवजी नंबर असला तरी तुझी मी ओळखेनच."

"मग ओळख."

"आत्या, तू सांगितल्याशिवाय हे माझ्याकडून कुणाला कळणार नाही. बाबांनाही नाही."

थोरलीने मान हलवली होती, पण विश्वास ठेवला नव्हता. त्या बापाची मुलगी, किती दिवस कळ काढणार? नंतर बारकीच्या प्राध्यापकांनी थोरलीला निकाल समजावला. डोळे उत्तम, स्मरणशक्ती उत्तम. चेहरा ओळखण्याचं जे काम मेंदूचा एक भाग आपोआप करतो, ते तिच्याकडे जन्मापासून होत नव्हतं. याला नाव आहे, शंभरात एकदोघांना असतं. घरी येताना थोरली बसमध्ये रडली. एकसष्ट वर्षं तिची समजूत होती की आपल्यात माया कमी आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याचं तोंड माणूस विसरतो का कधी?

आणि चार महिने झाले तरी घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. बारकी दर रविवारी यायची, चहा घ्यायची, बापाशी वाद घालायची. ताकास तूर लागू देत नव्हती.

केक कापला गेला. मधल्याच्या बायकोने हात पुसले, चष्मा लावला आणि प्रबंध पुढे ओढला. ती तीस वर्षं शाळेत शिकवून गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत. लिहिलेला कुठलाही कागद तिच्या हातात पडला की तो उत्तरपत्रिकाच व्हायचा.

"हे काय आहे घडी घातलेलं?"

"परीक्षकांचा अभिप्राय, काकू," बारकी म्हणाली. "राहू दे ना."

"का राहू दे?" मास्तरीण वाचू लागली. "'चाचण्यांची मांडणी अतिशय काटेकोर. आकडेवारी निर्दोष.' शाब्बास. 'मुलाखतींचा भाग मात्र त्रोटक वाटतो. एखादं ठसठशीत उदाहरण असतं तर प्रबंध वेगळ्याच उंचीवर गेला असता.' बघा. इथे गेले मार्क. पहिली आणि तू, फरक कितीचा?"

"दोन मार्कांचा."

"दोन! आणि एक उदाहरण मिळू नये तुला?"

"मिळालं होतं," बारकी म्हणाली. "घातलं नाही."

"म्हणजे? मिळालेलं उदाहरण घातलं नाहीस? का?"

"घातलं असतं तर ते माणूस कोण, हे काही लोकांना लगेच कळलं असतं."

"नाव थोडंच लिहायचं असतं!"

"नाव न लिहिताही कळलं असतं, काकू. कारण ते लोक प्रबंध वाचणार होते."

थोरलीने हातातला कप बशीत ठेवला. तिला एका क्षणात सगळं समजलं. ती सही करून मोकळी झाली होती. बारकीला ते उदाहरण घालायला कायद्याने, नियमाने कुठलीच आडकाठी नव्हती. प्राध्यापकांनी घाल म्हणून आग्रहसुद्धा केला असणार. आणि ही पोर ते बाजूला काढून ठेवून, दोन मार्क गमावून, वर काकूची बोलणी खात मुकाट्याने बसली होती. थोरलीला इतका अभिमान वाटला की तो चेहऱ्यावर दिसेल या भीतीने तिने मान खाली घातली.

मधला खाकरला. "बरं, विषय निघालाच आहे तर..." विषय कुठलाच निघाला नव्हता, पण मधल्याची सुरुवात नेहमी अशीच व्हायची. "ताई, पंधरा दिवसांनी माझं ऑपरेशन. पुढे कुणीतरी बसायला हवं. तू बस."

"मी नाही बसणार."

"सहाच महिने."

"सहा दिवससुद्धा नाही. मुली आहेत की कामाला, त्यांतली एखादी बसव."

"ताई, आपली गिऱ्हाइकं तीस तीस वर्षांची आहेत. आत आल्यावर कुणी नावाने हाक मारली नाही तर परत येतील का? एकतर तू बस, नाहीतर मी त्या कंपनीला हो म्हणतो. तिसरा मार्ग मला दिसत नाही."

"मग हो म्हण," थोरली म्हणाली. हे टेबल, ही कात्री, वडिलांनी लाकडी पट्टीवर कोरलेली मापं. सगळं जाईल. पण पुढे बसून रोज शंभर वेळा माणसांचा अपमान करण्यापेक्षा ते बरं.

"अगं ताई, असं काय करतेस?" धाकटा काकुळतीला आला. "बाबांचं दुकान आहे."

"त्यांना काय त्याचं," मास्तरीण म्हणाली. प्रबंध तिने मिटला होता. "गिऱ्हाइकाला या बसा म्हणायचं म्हणजे कमीपणा. वन्सं, आज स्पष्टच बोलते. माझे वडील ज्या पहाटे गेले, त्या दिवशी तुम्ही मला दवाखान्याच्या पायऱ्यांवर भेटलात. दोन हातांवर. माझ्या तोंडाकडे सरळ पाहिलंत आणि पुढे निघून गेलात. शब्द नाही. मान हलवली नाहीत. अठरा वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी तुम्हाला बोलले ती बोलले, नंतर मी कुणाला म्हटलं नाही—"

"मला रोज म्हणतेस," मधला पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा हो. मला एवढंच विचारायचंय, असं काय असतं माणसाच्या डोक्यात?" ती बारकीकडे वळली. "तू शिकलीस ना डोकं? मग सांग. तुझ्या आत्याच्या डोक्यात आहे काय?"

बारकीचे कान लाल झाले. "मला सांगता येणार नाही, काकू."

"माहीत नाही की सांगता येत नाही?"

"सांगता येणार नाही."

"अगं, काकू काहीतरी विचारतेय!" धाकटा तिच्यावर डाफरला; तो लेकीवर डाफरला असं वर्षातून एकदाही घडत नसे. "एवढं शिकून घरच्या माणसाला दोन शब्द सांगता येत नसतील तर काय उपयोग? तिचं खरं असेल तर खरं म्हण, नसेल तर नाही म्हण. हा काय आगाऊपणा?"

"बाबा, मी बोलणार नाही."

तिने ओठ मिटले. सगळी खोली तिच्याकडे पाहत होती: ज्या बापाने तिचं नाव डेपोभर मिरवलं तो, जिने तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं ती काकू, तिचा लाडका काका. खुर्चीच्या कडेला तिची बोटं घट्ट आवळलेली थोरलीला दिसली.

थोरली उठून उभी राहिली.

"तिला बोलू नका," ती म्हणाली. "तिने मला शब्द दिलाय, तो पाळतेय. ते ठसठशीत उदाहरण म्हणजे मी."

कुणालाच काही कळलं नाही. धाकट्याने तर केककडे पाहिलं, जणू त्यात काही उदाहरण आहे.

"मला चेहरे ओळखू येत नाहीत," थोरली म्हणाली. "कुणाचेच. जन्मापासून. तुमचेसुद्धा."

मधला हसला. मग एकटाच हसतोय असं लक्षात आल्यावर थांबला. "म्हणजे? मी दिसत नाही तुला?"

"दिसतोस की, चांगला ढळढळीत. नाक दिसतं, मिशी दिसते. पण उद्या मिशी काढून, तोंड न उघडता गर्दीत उभा राहिलास, तर तू माझा भाऊ की बँकेतला कारकून, मला सांगता यायचं नाही."

"मग इतकी वर्षं?"

"तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. कापडाचे तागे एकाच खांद्यावर वाहिलेस. मी तुला खांद्यावरून ओळखते."

"आणि मला?" धाकट्याला राहवलं नाही.

"तू चालत नाहीस, ब्रेक मारत येतोस."

बारकी एवढ्यातही फिसकन हसली आणि तिने डोळे पुसले.

"पण रस्त्यावर?" मधला अजून हिशेब जुळवत होता. "तिथे खांदा-बिंदा काय दिसणार?"

"रस्त्यावर कोट."

भिंतीवरच्या खुंट्यांना घरातल्या सगळ्यांचे कोट टांगले होते. मधल्याच्या खिशांना तिरपी झाकणं, धाकट्याच्या पाठीला दोन चिरा, बारकीच्या कॉलरला हिरवी कड. दर दोन वर्षांनी थोरली प्रत्येकाला नवा कोट कापून द्यायची, आणि कुणी बाहेरून तयार कोट आणला की आठवडाभर धुमसत राहायची. घरात त्याला गणवेश म्हणून हसायचे. आता सगळे त्या खुंट्यांकडे पाहत राहिले आणि कुणी हसलं नाही.

मास्तरीण सर्वांत शेवटी बोलली. "माझ्या बाहीला तीन बटणं. मी दर वेळी म्हणायचे, दोन पुरेत."

"आणि मी ऐकलं नाही."

"त्या दिवशी..." ती अडखळली. "त्या दिवशी माझ्या अंगात..."

"नर्सचा कोट होता. तुझा रात्री खराब झाला, म्हणून तिने आपला दिला. हे मला कळलं तीन दिवसांनी, तो परत करायचा कोट हातात घेऊन तू इथे आलीस आणि मला नाही नाही ते बोललीस तेव्हा. पायऱ्यांवर मला कुणीतरी रडणारी बाई दिसली. मला वाटलं, बिचारीचं कुणी गेलं असेल. मी तुझ्याचसाठी डबा घेऊन वर चालले होते. वर गेले तर खाट रिकामी. कुणाला विचारायचं कळेना. मी त्या खाटेजवळ दीड तास बसले तुझी वाट बघत."

मास्तरीण खुर्चीत ताठ बसून होती, शाळेत तपासणी अधिकारी आल्यावर बसावं तशी.

"सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"काय सांगायचं होतं? तुझं तोंड मला ओळखू आलं नाही, असं? वडील गेलेल्या बाईला? मला स्वतःलाच माहीत नव्हतं गं असं काही असतं म्हणून. मला वाटायचं मीच दगड आहे. चार महिन्यांपूर्वी कळलं."

"अठरा वर्षं मी राग धरला, वन्सं. चांगला जपून धरला. तो आता मी नेऊन ठेवू कुठे?"

धाकट्याने बशीत केकचा मोठा तुकडा घातला आणि "घे, वहिनी" म्हणून तिच्यापुढे सरकवला. त्याला प्रत्येक दुःखावर तेवढंच येत असे. मास्तरणीने तो घेतला आणि रडत रडत सगळा खाल्ला.

"आत्या," बारकीने विचारलं, "आता बोलू मी?"

"बोल बाई, बोल. पोट फुगलं असेल तुझं."

मग बारकी जी सुटली! चेहरा म्हणजे मेंदूच्या दृष्टीने साधी वस्तू नव्हे, त्यासाठी डोक्याच्या मागच्या-खालच्या बाजूला वेगळी यंत्रणा आहे. काहींची ती अपघाताने जाते, काहींची जन्मतःच नीट जुळत नाही. अशी माणसं चाल, आवाज, केस, कपडे यांवर काम भागवतात आणि इतक्या हुशारीने भागवतात की कित्येकांना स्वतःलाही पत्ता लागत नाही. "पण आत्यासारखी युक्ती मी जगभरच्या निबंधांत वाचलेली नाही. बाकीचे लोक खुणा शोधतात. हिने खुणा शिवल्या! घरातल्या प्रत्येक माणसावर, स्वतःच्या हाताने!" टेबलावर हात आपटत ती बोलत होती. थोरली ऐकत होती. या टेबलाशी आजवर बोललेल्या माणसांत इतकं नेमकं बोलणारं कुणी तिने ऐकलं नव्हतं, वडीलसुद्धा नाहीत. आपल्या घरची पोर आहे ही, आपल्याच कोटात वाढलेली, असं तिच्या मनात आलं.

"हे घराण्यातही असू शकतं," बारकी म्हणाली. "कधी कधी वरून येतं."

"वरून म्हणजे?" मधल्याने विचारलं आणि तो थोरलीकडे वळला. "ताई... बाबा."

"बाबांचं काय?"

"बाबा कधी पुढे बसले? आई बसायची. गिऱ्हाईक दारात आलं की आई आत ओरडायची, 'अहो, डॉक्टर आले हो! अहो, वकीलसाहेब आले हो!' आणि मग बाबा हात पुढे करत बाहेर यायचे."

"आम्ही सगळे सासूबाईंना हसायचो," मास्तरीण सावकाश म्हणाली. "माझी आई म्हणायची, तुझ्या सासूचा आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा."

थोरली खाली बसली. वडिलांनी कापडाला खडू कसा लावायचा ते तिला शिकवलं, पण याबद्दल तेही कधी बोलले नाहीत. त्यांनाही आपण दगड आहोत असंच वाटत असेल का? आणि आईला माहीत होतं. की माहीत नसतानाच ती ओरडत राहिली?

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मास्तरीण नाक पुसत म्हणाली. "ही पोर गावभर कागद चिकटवत हिंडली." तिने चष्मा पुन्हा लावला. "बरं. पुढे मी बसते."

"तू?" मधला दचकला.

"का? तीस वर्षांत साडेतीन हजार पोरं शिकवली मी. बापाच्या तोंडावरून पोरगा सांगते. या गावातला चेहरा मला चुकायचा नाही. वन्सं आत बसतील, कापतील. कुणी आलं की मी सांगेन."

"भोंगा वाजवून?" धाकट्याने विचारलं.

"वाजवीन! तुला काय करायचंय?"

"कंपनीला काय सांगू?" मधला म्हणाला.

"सांगा, जागा भरली."

थोरलीने काळा ग्रंथ आपल्याकडे ओढला. "बारके, दोन मार्क माझ्यापायी गेले तुझे."

"गेले नाहीत, आत्या. मी दिले."

"ते पुरे. आता यावर छापायला निबंध लिहिशीलच ना? त्यात घाल मला. आणि नावानिशी घाल."

"नाव घालता येत नाही. नियम आहे."

"मग काय लिहिशील?"

"सहभागी स्त्री, वय एकसष्ट, कोट कापण्याचा व्यवसाय."

"व्यवसाय काय? मुख्य कटर लिही," थोरली म्हणाली. "आणि तिची भाची पहिली आली असती, हे कुठे बसतं का बघ."

"तेवढं मी डेपोत सांगतो," धाकटा म्हणाला.

पंधरा दिवसांनी मधला ऑपरेशनला गेला. सोमवारी सकाळी थोरली टेबलावर करड्या लोकरीचं कापड पसरून खडूने खांद्याची रेघ ओढत होती. शटर वर गेल्याचा आवाज आला. मग पायऱ्यांवर पावलं. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची चढणारी, गेल्या वर्षी पडल्यापासून जपून चालणारी. ती पावलं पुढच्या खोलीत न थांबता आत, थेट टेबलाशी आली. थोरलीने वर पाहिलं. अंगात कोट नव्हता, हवा उबदार होती. समोर एक चेहरा होता, नेहमीसारखाच कुणाचाही असू शकणारा, आणि तो तिच्याकडे पाहत होता, उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

"वन्सं," शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात तो चेहरा म्हणाला, "मी मास्तरीण. मधल्याची बायको. आले आहे."

पावलांवरूनच थोरलीने तिला ओळखलं होतं. पण ते ती बोलली नाही. हातातला खडू खाली ठेवून तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, "ये गं, ये. तुझीच वाट बघत होते."